पात्राचा हिशेब कोण ठेवणार?

२०२५ च्या एप्रिल महिन्यात सोनी वाहिनीने एका पात्राला जाहीर श्रद्धांजली वाहिली. ‘सीआयडी’ मालिकेतील एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात मरण पावले असे वाहिनीने सांगितले आणि नावाखाली १९९८ ते २०२५ असा काळही टाकला. जणू घरातलेच माणूस गेले. शिवाजी साटम यांनी वीस वर्षांहून अधिक काळ उभे केलेले हे पात्र असल्याने लोकांना खरोखर वाईट वाटले. आमच्या रावेरसारख्या तालुक्याच्या गावीही त्याची चर्चा झाली. मधल्या काळात नवा एसीपी आणून झाला आणि काही आठवड्यांतच जुने एसीपी जिवंत होऊन परत आले. ज्यांनी हळहळ व्यक्त केली होती त्यांना आपण फसवले गेलो असे वाटले. मात्र वाहिनीला त्याचे काही वाटले असे दिसले नाही.

मेलेले पात्र जिवंत केले याबद्दल आमची तक्रार नाही. आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला १८९३ साली मारले आणि वाचकांच्या रेट्यामुळे १९०३ साली परत आणले. त्याच डॉयलच्या हातून दुसऱ्याही चुका झाल्या. डॉक्टर वॉटसनला युद्धात लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे, तर दुसऱ्या कादंबरीत ती पायाला लागलेली आहे. वॉटसनचे नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायकोच त्याला जेम्स म्हणते. तरीही शंभर वर्षे लोक वॉटसनवर प्रेम करीत आले आहेत. गोळीची जागा हलली, पण माणूस जागचा हलला नाही, हे त्याचे कारण. तो पहिल्या पानावर जितका भला, जितका सरळ आणि मित्रासाठी जितका झिजणारा आहे तितकाच शेवटच्या पानावर आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. याच ‘सीआयडी’त प्रद्युम्न आपल्या गुन्हेगार झालेल्या मुलाला, नकुलला, स्वतः गोळी घालतो. फार मोठी गोष्ट आहे ही. बापाने पोराला मारले आणि कायद्याचे पालन म्हणून मारले. त्यानंतरच्या शेकडो भागांत त्या बापाच्या वागण्यातून ती गोळी किती वेळा ऐकू आली? दुसऱ्याच्या मेलेल्या पोराजवळ उभा असताना त्याचा हात कधी थरथरला का? बहुतेक वेळा नाही. दुसऱ्या आठवड्यात नवे प्रेत, नवा दरवाजा, दयाची नवी लाथ. विसंगत पात्रलेखन म्हणतात ते हे. जखमेची जागा चुकली तर ती विसरभोळ्या लेखकाची चूक असते. जखम होऊनही माणसाला काहीच झाले नाही असे दाखवले, की लेखकाला त्या माणसाची पर्वाच नाही हे उघड होते.

रहस्यकथा हा हलका प्रकार आहे, तिथे एवढे कशाला बघायचे, असे म्हणणारे आमच्याही चळवळीत आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की, दलित-बहुजन वस्तीत रात्री दहानंतर कोणता कार्यक्रम चालू असतो ते एकदा कान देऊन ऐका. रावेर, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात दिवसभर मळ्यात राबून आलेल्या बाया-माणसांचा रात्रीचा एक तास टीव्हीपुढे जातो आणि त्यातला मोठा वाटा गुन्हेगारी मालिकांचा असतो. पोलीस स्टेशन आतून कसे असते, साक्षीदार म्हणजे काय, वकील काय विचारतो, हे आमच्या लोकांनी कायद्याच्या पुस्तकातून शिकलेले नाही. ते इथून शिकलेले आहे. मग तिथे काय शिकवले जाते, हा अग्रलेखाचा विषय नाही तर कशाचा?

मराठीत हा प्रकार नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड गावोगावच्या वाचनालयांतून फाटेस्तोवर वाचले गेले. ती पात्रे खोल होती असे कोणी म्हणणार नाही, पण झुंजार हा झुंजारच राहिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ आली. पुढे ‘सीआयडी’ काढणारे हेच सिंग आणि त्या मराठी मालिकेत शिवाजी साटम होतेच. दूरदर्शनच्या त्या काळात मालिकेला तेरा-तेरा भागांची मुदत मिळे. शेवट ठरलेला असे, म्हणून खुनी कोण हेही आधी ठरलेले असे आणि प्रत्येक पात्र त्या शेवटाच्या दिशेने चाले. १९९३ साली आलेला बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’ लोकांच्या आजही लक्षात आहे. गोष्ट मोजकी होती, पात्राला हवे तसे ताणलेले नव्हते, हे त्याचे मोठे कारण.

खासगी वाहिन्या आल्या आणि मालिकेचा शेवट लेखकाच्या हातातून गेला. आता दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचा आकडा येतो आणि त्या आकड्यावर पुढच्या आठवड्याचे कथानक ठरते. एखाद्या जोडीची दृश्ये जास्त पाहिली गेली तर ती जोडी वाढवा. खुनी माणूस लोकांना आवडू लागला तर त्याला महिनाभर पकडू नका. लेखक बदलतात, संवाद लिहिणारा वेगळा, कथा लिहिणारा वेगळा, आणि भाग तर रोज द्यायचाच आहे. या घाईत पहिला बळी जातो तो पात्राच्या स्वभावाचा. हे आम्हाला कळते. पण घाईत सगळ्यांच पात्रांचा बळी सारखा जातो का, हा खरा सवाल आहे.

याचे सर्वांना माहीत असलेले मराठी उदाहरण म्हणजे झी मराठीवरची ‘देवमाणूस’. ३१ ऑगस्ट २०२० रोजी ती सुरू झाली. कोरोनामुळे माणसे घरात कोंडलेली होती आणि मालिका प्रचंड चालली. गावात देवासारखा मानला जाणारा एक डॉक्टर प्रत्यक्षात खुनी आहे, शिवाय तो डॉक्टरही नाही, देवीसिंग नावाचा कंपाउंडर आहे, अशी ती गोष्ट. या माणसाची दुहेरी वागणूक म्हणजे विसंगती नव्हे. उलट लेखकांनी तेवढे एक पात्र नीट सांभाळले आणि किरण गायकवाड यांनी ते उत्तम वठवले. सुई देताना तो जितका गोड बोलतो तितक्याच गोडीने तो खड्डा खणतो. पैसा आणि बाई हे त्याचे हेतू पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच आहेत.

विसंगती आहे ती त्याच्याभोवतीच्या माणसांत, आणि त्यातही बायकांत. गावातून माणसे नाहीशी होत आहेत म्हणून एसीपी दिव्या सिंग ही अधिकारी तपासाला येते. हुशार, कडक, कोणाला न बधणारी अशी तिची ओळख करून दिली जाते. आमच्या पोरींनी पोलीस भरतीची तयारी करताना जिच्याकडे बघावे अशी बाई. आणि पुढे ही बाई कोणाच्या प्रेमात पडते? ज्याच्यावर संशय घ्यायला हवा त्याच्याच. प्रकरण लग्नापर्यंत जाते. डोळ्यांपुढचे पुरावे तिला दिसत नाहीत. फोन, वेळ, माणूस शेवटचा कुठे दिसला, हे साधे प्रश्न ती विचारायचे विसरते. मग एके दिवशी मालिकेला गरज पडते, तेव्हा तिची बुद्धी परत येते आणि तीच त्याला पकडते. रात्री टीव्हीपुढे बसलेल्या आमच्या बायाही बोलून दाखवत, की कालपर्यंत शहाणी असलेली ही बाई आज अशी खुळी कशी झाली. समीक्षकांनी ग्रंथ लिहून जे सांगायचे ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

पोलीस अधिकारी असलेली बाई प्रेमात पडू शकत नाही असे आम्ही म्हणत नाही. जरूर पडावी. पण ती एकटी होती का, तिला त्या गावात कोणाचा आधार नव्हता का, वरिष्ठांनी तिला छळले होते का, तिच्या मनात काय पोकळी होती, यातले काहीतरी आम्हाला आधी दाखवायला हवे होते. ते दाखवले नाही. तिला आंधळी केले, कारण ती डोळस राहिली असती तर मालिका चार महिन्यांत संपली असती. डॉक्टरच्या तावडीत सापडलेल्या दुसऱ्या बायांचेही तेच. येताना स्वतःचा पैसा सांभाळणारी, चारचौघांत बोलणारी बाई येते आणि थोड्याच दिवसांत ती दागिने काढून परक्याच्या हातात देते. डिंपल तर सोयीप्रमाणे कधी भोळी पोर, कधी पक्की कारस्थानी.

आता या मालिकेमागची खरी घटना पाहा. २०१६ साली सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या धोम येथे, डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला अटक झाली. सहा जणांच्या खुनाचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला, त्यात पाच स्त्रिया. मालिका याच प्रकरणावर बेतलेली आहे हे उघड गुपित आहे. या सहा जणांपैकी पहिली बाई नाहीशी झाली ती २००३ साली. म्हणजे पहिली बाई बेपत्ता होणे आणि अटक यांत तेरा वर्षे गेली. हा माणूस अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रारी करणारा म्हणून परिसरात वचक ठेवून होता असे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले. शेवटी जिच्या बेपत्ता होण्यावरून तपास हलला ती अंगणवाडीच्या कामातली, संघटनेची कार्यकर्ती होती. तिच्यामागे विचारणारे लोक होते. आधीच्या बायांमागे कोण होते?

लेखकाच्या हाती किती मोठी गोष्ट आली होती याचा विचार करा. तेरा वर्षे माणसे नाहीशी होत राहतात आणि कोणी शोधत नाही. का शोधत नाही? साधीसुधी, गरिबाघरची बाई नाहीशी झाली तर नोंदवहीत एक ओळ लिहिली जाते आणि वही मिटते, म्हणून. घरचेही बदनामीच्या भीतीने बोलत नाहीत, म्हणून. रहस्य तिथे आहे. मालिकेने ते सगळे काढून टाकले आणि त्याच्या जागी एका बाईचे प्रेम घातले. जिथे व्यवस्थेची बेपर्वाई होती तिथे आता स्त्रीची भुलणूक आली. तपास रेंगाळला याचा दोष नोंदवहीवरून उचलून एका बाईच्या काळजावर नेऊन ठेवला. म्हणून आम्ही म्हणतो की पात्राची विसंगती ही निव्वळ कलेतली चूक नसते. पात्र विनाकारण बदलते तेव्हा कुठलेतरी खरे कारण तिथून उचलून लपवलेले असते.

यावर हमखास येणारे उत्तर असे की, माणूसच विसंगत असतो, काल एक आणि आज दुसरे. बरोबर आहे. पण माणसाच्या विसंगतीलाही कारण असते आणि ते कारण आम्हा लोकांइतके कोणाला ठाऊक असणार? बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातील त्या नावाच्या कथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला नायक जात सांगत नाही. त्याची विद्वत्ता पाहून माणसे त्याला डोक्यावर घेतात. जात कळताच तीच माणसे त्याच्यावर तुटून पडतात. एका क्षणात माणसे पार उलटी होतात. पण एकही वाचक म्हणत नाही की हे पटत नाही, पात्र बिघडले. कारण बदल जितका अचानक, तितके त्याचे कारण जुने. बागुलांनी ते कारण नावानिशी सांगितले. मालिकावाले बदल तेवढा घेतात आणि कारणाचे नाव गाळतात.

पडद्यावरचेच उदाहरण हवे असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाहावा. २०१५ साली तो मराठी मुलखात प्रदर्शित झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला चालतो. ती भूमिका आपले वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१ साली ते आपल्यातून गेले. त्या चित्रपटातील सरकारी वकील बाई कोर्टात कांबळेला तुरुंगात ठेवण्यासाठी कायद्याची पाने वाचून दाखवते आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलांना जेवू घालते, कुटुंबासह नाटक पाहते. कोर्टात कठोर, घरी मायाळू. ही विसंगती नव्हे काय? मुळीच नव्हे. दोन्ही ठिकाणी ती एकच बाई आहे. नेमून दिलेले काम करते, पुढच्या माणसाकडे मान वर करून बघत नाही. आपल्याला तिचा राग येतो आणि तरी ती खरी वाटते. तिथे पोलिसांचा पंचही असा दाखवला आहे की जो आधीच्या खटल्यांतही पंच होता. एवढ्या एका तपशिलात पोलीस ठाणे उलगडते.

मराठीत ‘पात्र’ आणि ‘चारित्र्य’ हे दोन शब्द वेगळे आहेत, पण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात ते फार लवकर एक होतात. मालिकेचा लेखक बाईचे पात्र रातोरात बदलतो तसे बाहेर तिचे चारित्र्य रातोरात बदलले जाते. पंधरा वर्षे जिला वस्तीत सगळे शाळेत जाणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी पोर म्हणून ओळखतात ती एका संध्याकाळी घरी आली नाही, की दुसऱ्या दिवशी तिच्या बापाला ऐकवले जाते, गेली असेल कोणाबरोबर. एका रात्रीत ती दुसरीच मुलगी होते. पुरावा? काही नाही. तपास नको असतो, त्यासाठी तिचे पात्र नव्याने लिहिले जाते.

चंद्रपूर जिल्ह्यातील तेव्हाच्या देसाईगंजचे मथुरा प्रकरण चळवळीतल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९७२ च्या मार्चमध्ये एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. १९७४ साली सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. निकालांत चर्चा झाली ती पोलिसांच्या वागण्यापेक्षा त्या मुलीच्या सवयींची आणि तिने आरडाओरडा केला की नाही याची. रात्री ठाण्यात कोंडलेल्या, अनाथ, मजुरी करणाऱ्या पोरीने गणवेशातल्या माणसापुढे काय करावे, हे तिच्या आयुष्यावरून पाहायचे की पाहणाऱ्याच्या कल्पनेवरून? १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. तरीही फिर्यादी बाईच्या चालचलणुकीवर बोट ठेवून तिची साक्ष पाडण्याची मुभा पुरावा कायद्यात राहिलीच. ती २००२ च्या दुरुस्तीने गेली. कायद्याने जे सोडले ते मालिकांच्या लेखकांनी अजून सोडलेले नाही. बळी बाई असेल तर तिच्या जुन्या प्रकरणाचा एक फ्लॅशबॅक ठरलेला.

खैरलांजीत तरी दुसरे काय घडले? २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि पाठोपाठ कुजबुज सुरू झाली ती मृत आईच्या चारित्र्याची. जमिनीच्या वाटेसाठी भांडणारी, पोरांना शिकवणारी, कोणापुढे न झुकणारी बाई मेल्यावर दुसरीच कोणीतरी केली गेली. पुढे निकालात शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटीचे कलम लागले नाही. हेतू सूड ठरला, जात ठरली नाही. घटना तीच, प्रेते तीच, पण गोष्टीतले कारण काढून घेतले. असे कारण काढून घेणे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून टीव्हीवर ते दिसले की आम्हाला लगेच ओळखू येते.

आणि आमचे रावेर. १६ ऑक्टोबर २०२० रोजी शहराजवळच्या बोरखेडा शिवारात शेतमजूर आदिवासी कुटुंबातील चार भावंडांची कुऱ्हाडीने हत्या झाल्याचे उघडकीस आले. आईवडील मध्य प्रदेशातल्या गावाकडे गेलेले, मुले शेतातल्या घरात एकटी. त्याच दिवसांत रात्री साडेदहाला ‘देवमाणूस’ चालू होती. आम्हाला त्या मुलांच्या दुःखाची मालिका करायची नाही आणि कोणी करू नये. पण गुन्ह्याची गोष्ट लिहिणाऱ्याने इथे येऊन केळीच्या मळ्यात एक रात्र काढावी असे मात्र वाटते. मालकाच्या मळ्यात, गावापासून लांब, शेजार नसलेल्या घरात मजुराचे कुटुंब का राहते? सणवाराला गावी जायचे तर पोरांना मागे का ठेवावे लागते? सातपुड्याच्या पलीकडून आलेल्या माणसाची इथे ओळखपाळख किती? दाराला कडी कसली असते? ही उत्तरे ज्याला माहीत आहेत त्याला कोणत्याही पात्राला अचानक आंधळे किंवा खुळे करावे लागणार नाही. गोष्ट आपोआप पुढे जाईल.

पात्र बदलण्याचा आणखी एक नमुना मालिकांत रोज दिसतो, तो साक्षीदाराचा. पहिल्या भागात साक्षीदार म्हणतो, मी पाहिले. कोर्टात म्हणतो, मी पाहिले नाही. ढोलकीचा एक ठोका, खलनायकाचे हसू, जाहिरात. तो का फिरला हे सांगायला मालिकेला वेळ नसतो. जास्तीत जास्त नोटांचे एक बंडल दाखवतात. म्हणजे गरीब माणूस विकला गेला, एवढेच प्रेक्षकाच्या डोक्यात राहते. खर्ड्याला २०१४ च्या एप्रिलमध्ये आमच्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. दिवसाढवळ्या शाळेतून नेलेला मुलगा. २०१७ च्या नोव्हेंबरात सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. ते सगळे पैशाने विकले गेले असे म्हणून प्रश्न सुटतो का? ज्या गावात किराणा, पीठगिरणी, पाणी आणि मजुरी एका बाजूच्या हातात असते त्या गावात साक्ष देऊन परत त्याच गल्लीत राहायचे असते. २०१६ पासून अॅट्रॉसिटी कायद्यात साक्षीदारांच्या संरक्षणाचे स्वतंत्र कलम आहे, महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्यासाठीच्या योजनेवर शिक्कामोर्तब केले. इतक्या मालिका झाल्या, पण त्यातला एकही साक्षीदार उभा राहून संरक्षणाचा अर्ज करताना आम्ही पाहिलेला नाही. एका भागात ते दाखवले असते तर वस्तीतल्या दहा माणसांना आपला हक्क कळला असता आणि मालिकेलाही एक चांगला प्रसंग मिळाला असता.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले होते ते एका खटल्याच्या कामासाठी. लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यावर ते उतरले. तिथे दरवर्षी त्या दिवशी खान्देशातून लोक जमतात. लोक त्यांना महामानव म्हणून आठवतात आणि ते योग्यच आहे, पण त्या दिवशी ते वकील म्हणून आले होते. जो माणूस बोलतो तो तसे का बोलतो, त्याच्या बोलण्यात कालपासून आजपर्यंत फरक पडला तर तो कशाने पडला, हे विचारणे वकिलाचे काम असते. आमच्या घरातल्या टीव्हीपुढेही तोच प्रश्न विचारला गेला पाहिजे. वस्तीतल्या वाचनालयात, महिला मंडळात आठवड्याच्या मालिकेवर अर्धा तास बोलायला काय हरकत आहे? दिव्या सिंग आंधळी का झाली, हा प्रश्न विचारायला शिकलेली पोर उद्या ठाण्यात बापाबरोबर गेली, तर माझी बहीण एका रात्रीत वेगळी कशी झाली, असेही विचारील.

मालिकांत आमची माणसे आहेत कुठे, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘सीआयडी’तल्या दयाचे आडनाव आम्ही कधी ऐकले नाही. गंमत म्हणजे जात लपवायची तर ही फार सोपी युक्ती. पण आमची माणसे घातली म्हणजे काम झाले असे नाही. उद्या एखाद्या मालिकेत कांबळे नावाचा इन्स्पेक्टर आणला आणि त्यालाही सोयीप्रमाणे सोमवारी शूर आणि गुरुवारी बावळट केला, तर आम्हाला त्याचा काय उपयोग? त्याची भरती कशी झाली, ठाण्यात त्याला कोणती टेबले मिळतात, अॅट्रॉसिटीची फिर्याद आली की वरिष्ठ त्याच्याकडे कसे बघतात आणि तो स्वतः कसा बघतो, हे ठाऊक असलेला लेखक तिथे हवा. आमची मुले आता पत्रकारितेत आहेत, चित्रपटांत आहेत, संवाद लिहीत आहेत. पैसे मिळतात म्हणून त्यांनी हे काम करावे, त्यात काही कमीपणा नाही. परंतु कथेच्या बैठकीत ‘आता हिला प्रेमात पाडू या’ असे कोणी म्हणाले, तर ‘का?’ एवढे विचारायला त्यांनी कचरू नये.

आमच्या इकडे केळीचा पहिला घड उतरला की बुंध्याशी आलेले एक पिल राखतात आणि त्यावर दुसरे पीक घेतात. त्याला पिलबाग म्हणतात. ‘देवमाणूस’चीही अशी पिलबाग झाली. दुसरे पर्व डिसेंबर २०२१ मध्ये आले, मग जून २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ आला. पिलबागेत निदान जात बदलत नाही, मूळ झाडाचाच घड लागतो. आणि असे आणखी पर्व काढायचेच असेल तर वाहिनीने एवढे करावे: बेपत्ता बायकांची ती नोंदवही पडद्यावर एकदा उघडावी आणि त्यातले पहिले नाव कोणत्या साली लिहिले होते ते कॅमेऱ्याने जवळ जाऊन दाखवावे.